आमची वीज बंद करा

मंगळवार, ६ फेब्रुवारी

वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये पाळी संपली की नोंद लिहूनच उठायचं, ही इतक्या वर्षांची सवय. आजपासून पाळी नाही. पण जेवण झाल्यावर हात शिवशिवायला लागला, म्हणून घरी लिहायला बसलोय.

तर नोंद अशी. मोठ्या साहेबांनी सकाळी बोलावून घेतलं आणि मला कंट्रोल रूममधून उचलून 'हितधारक समन्वय अधिकारी' करून टाकलं. मी विचारलं, म्हणजे नेमकं करायचं काय? म्हणाले, लोकांशी बोलायचं. मी म्हटलं, साहेब, माझं आणि लोकांचं जमत नाही, ऑफिसात सगळे मला 'करंट' म्हणतात. म्हणाले, ठाऊक आहे. आणि पुन्हा फायलीत तोंड खुपसलं.

ही शिक्षा आहे, दुसरं काही नाही. गेल्या आठवड्याच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, की आपण लोकांना दोन तास सांगतो आणि दोन दिवस लावतो, मग ते आपल्याला गल्लीत का शिरू देतील? तेव्हा साहेब नुसते माझ्याकडे बघत राहिले होते. आता कळलं का बघत होते.

काम चौकातल्या उपकेंद्राचं आहे. तिथला ट्रान्सफॉर्मर म्हातारा झालाय, तेल गळतंय, जवळून गेलं तरी त्याची घरघर ऐकू येते. हा उन्हाळा तो काढणार नाही. नवा गेल्या वर्षीच आणून आवारात ताडपत्रीखाली ठेवलाय. पण तो बसवायचा तर त्या सगळ्या वस्तीची वीज एक अख्खा दिवस बंद ठेवावी लागेल, आणि वस्ती म्हणते, कंपनीचा माणूस इथे पाऊल ठेवणार नाही. आमची तुकडी दोनदा गेली आणि दोनदा लोकांनी वेढा घालून परत पाठवली.

लोकांचंही खरं आहे. गेल्या वर्षी आम्ही 'दोन तास' म्हणून वीज घालवली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली.

घरी मी आणि माझी मोठी बहीण, दोघंच. ताईला विचारलं, हितधारक म्हणजे काय गं? ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "ज्याचं हित आपण बुडवतो, तो."

शनिवार, १० फेब्रुवारी

पहिली सभा झाली. झाली म्हणजे काय, बोजवारा उडाला.

शाळेचं सभागृह घेतलं होतं. मी पडद्यावर आकृत्या दाखवल्या. तेलाचं तापमान, भाराचा आलेख, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या आकृतीला मागची रांग उठली. पाचवीला बर्फाच्या कारखान्याचे मालक उभे राहिले. दार अडेल एवढा माणूस. म्हणाले, "साहेब, गेल्या वर्षी माझा सगळा माल गटारात वाहून गेला. त्याचा आलेख आहे का तुमच्याकडे?" आणि निघून गेले. त्यांच्या मागोमाग सगळेच गेले. शेवटी मी, पडदा आणि शाळेचा शिपाई उरलो. शिपाई म्हणाला, आकृत्या छान होत्या.

एक निरोप तेवढा मिळाला. चौकातल्या उंच इमारतीत नवव्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. वस्तीच्या समितीच्या अध्यक्ष त्याच. निम्मी वस्ती त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे त्या 'हो' म्हणत नाहीत तोवर कोणी म्हणणार नाही. त्या सभेला आल्या नव्हत्या. निरोप असा: भेटायचं असेल तर वर यावं. जिन्याने यावं.

रविवार, ११ फेब्रुवारी

गेलो. जिन्याने.

सहाव्या मजल्यावर बसलो, आठव्यावर पुन्हा बसलो. वर पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि मी दम खात असताना सांगून टाकलं की गेल्या वर्षी वीज गेली तेव्हा त्या लिफ्टमध्ये होत्या. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. शेजारच्यांची लहान मुलगी बरोबर होती. ती घाबरू नये म्हणून त्या अंधारात सगळे पाढे म्हणत राहिल्या, एकोणतीसपर्यंत पोचल्या तेव्हा कोणीतरी दार फोडलं. त्या दिवसापासून त्या लिफ्टमध्ये चढलेल्या नाहीत, आणि गुडघे जिना उतरू देत नाहीत, म्हणून खालीच आलेल्या नाहीत. वर्ष होत आलं. सामान वर येतं, माणसं वर येतात, त्या खिडकीतून चौक बघतात.

हे सगळं त्यांनी हजेरी घ्यावी तसं सांगितलं.

मग विचारलं, "किती वेळ लागेल ते नका सांगू. ते तुम्ही गेल्या वेळीही सांगितलं होतं. काय काय बिघडू शकतं ते सांगा."

आता हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नव्हता, आणि मी तर आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. सुरू झालो. क्रेन अडकू शकते. जुने बोल्ट गंजलेले असतील. केबलचे सांधे किती वर्षांचे आहेत कोणालाच माहीत नाही. पाऊस आला तर काम थांबवावं लागेल. नव्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी एका फटक्यात पास होईलच असं नाही. बोलता बोलता चहा गार झाला, खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं. मध्येच त्या उठून कागद-पेन्सिल घेऊन आल्या.

निघताना भानावर आलो. ज्यांचा होकार मिळवायचा त्यांना मी दोन तास बसून नकाराची कारणं पुरवली होती. आपल्याच पायावर धोंडा, आणि तो नऊ मजले चढून जाऊन. मास्तरीणबाई तर शिक्षा केल्यासारख्या म्हणाल्या, "पुढच्या सभेत हेच सगळं खाली सगळ्यांना सांगायचं. काही गाळायचं नाही."

ताईला सांगितलं तर तिला हसू आवरेना. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज दोन ठिकाणी गेलो.

आधी प्रसूतिगृह. डॉक्टरीणबाई गोऱ्यागोमट्या, बारक्या, आणि बोलतात ते सुरी चालवल्यासारखं. मला वरच्या मजल्यावर नेऊन नवजात बाळं ठेवतात ती उबेची पेटी दाखवली. म्हणाल्या, गेल्या वर्षी तुमच्या कंपनीने जनरेटर पाठवला होता. आला वेळेवर. त्यात डिझेल नव्हतं. आम्ही बाळं आयांच्या आणि नर्सेसच्या छातीशी धरून रात्र काढली. मी माफी मागितली तर म्हणाल्या, माफी नको, डिझेल हवं, आणि यंत्र चालू कसं करायचं हे माहीत असलेला एक माणूस हवा, जो दिवसभर इथून हलणार नाही. मी म्हटलं, लिहून घेतो. त्या म्हणाल्या, "लिहून घेणारे पुष्कळ येऊन गेले." मग मी वीजबंदीच्या आधी एकदा सगळ्यांसमोर जनरेटरवर पूर्ण दवाखाना चालवून दाखवायचं कबूल केलं. तेव्हा कुठे त्या खुर्चीत बसल्या.

निघताना विचारलं, ताई बऱ्या आहेत ना? मी बऱ्या आहेत म्हटलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की यांना माझी ताई कशी ठाऊक? ऐकून असतील कुठेतरी.

मग बर्फाचा कारखाना. मालक बोलायलाच तयार नाहीत. मी उभा, ते लाद्या मोजतायत. शेवटी मी म्हटलं, तुमचं नुकसान कमीत कमी कशाने होईल तेवढं सांगा, मी जातो. त्यांनी वळून पाहिलं. म्हणाले, "सोमवारी बाजार बंद असतो. रविवारी मी माल काढून टाकतो आणि सोमवारी कारखाना धुतो. सोमवारी वीज असली काय, नसली काय, मला सारखंच. गेल्या वर्षी तुम्ही शुक्रवार निवडलात. कोणी विचारलं होतं का मला?"

नाही. कोणीच विचारलं नव्हतं. आमच्या नियोजन विभागात शुक्रवार यासाठी निवडतात की शनिवारी हिशेब बंद करायला बरं पडतं.

येताना बर्फवाल्यांनी एका पोत्यात लादीचा तुकडा बांधून दिला. म्हणाले, ताईंना द्या, त्यांनी मागितला होता. ही ताई दुपारभर असते कुठे? मी समजत होतो गुडघ्यांसाठी चालायला जाते.

बुधवार, २१ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, काय प्रगती? मी म्हटलं, अजून काही नाही, फक्त ऐकतोय. त्यांनी मान हलवली. नाराज असावेत. मात्र नवा जनरेटर मागितला तो अर्ज न वाचताच मंजूर केला. घाईत असतील.

आज दिवसभर घरोघर फिरलो. एक मात्र मान्य करायला हवं, माझ्या आकृत्यांचा हळूहळू परिणाम होतोय. हल्ली दार उघडायच्या आधीच आत चहाचं आधण ठेवलेलं असतं.

रविवार, २५ फेब्रुवारी

दुसरी सभा. हे नीट लिहितो.

पडदा नाही, आकृत्या नाहीत. मास्तरीणबाई खाली आल्या नाहीत, पण त्यांनी फोन लावून ठेवायला सांगितला होता. टेबलावर फोन, फोनच्या पलीकडे नववा मजला. मी उभा राहिलो आणि काय काय बिघडू शकतं ते सांगायला लागलो. काही गाळलं नाही. सभागृह इतकं शांत झालं की मला वाटलं, संपलं, आता चपला येतील.

मग एक आजोबा उठले. म्हणाले, यात माझ्या ऑक्सिजनच्या यंत्राचं तुम्ही धरलेलंच नाही. मी म्हटलं, खरंच नाही धरलं. डॉक्टरीणबाई जागेवरूनच म्हणाल्या, त्या दिवशी सकाळी आमच्याकडे या, पलंग देते. मग कोणी म्हणालं, इमारतीच्या पाण्याच्या पंपाचं काय? तर टाक्या आदल्या दिवशी भरून घ्यायच्या ठरल्या. एका बाईंनी विचारलं, माझ्या माशांच्या काचेच्या टाकीचं काय? लोक हसले, पण बर्फवाल्यांनी गंभीरपणे सांगितलं की त्यांच्याकडे हाताने हवा मारायचा पंप आहे. मी नुसता उभा होतो. बोलायचं काम त्यांनीच हातात घेतलं होतं.

तारीख ठरली. सोमवार, अकरा मार्च. सकाळी सात ते संध्याकाळी सहा.

शेवटी मागून कोणीतरी विचारलं, आणि सहाला नाही आली तर? मी म्हटलं, "तर मी चौकात तुमच्याबरोबर बसेन. येईपर्यंत घरी जाणार नाही. आणि उशीर होणार हे मला ज्या क्षणी कळेल, त्या क्षणी तुम्हाला कळेल."

फोनमधून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "हे फळ्यावर लिहा." शिपायाने खरंच फळ्यावर लिहिलं. मग हात वर झाले. एकही हात खाली राहिला नाही. बर्फवाल्यांनी तर दोन्ही वर केले.

घरी येताना मी चक्क शीळ घालत होतो. ताईने दारातच विचारलं, झालं ना सोमवारचं? बातमी माझ्याआधी घरी कशी पोचते हे एक गूढच आहे.

सोमवार, ४ मार्च

जनरेटरची चाचणी. डिझेल काठोकाठ. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मुख्य बटण खाली ओढलं, दिवे एकदा लुकलुकले आणि उबेची पेटी चालूच राहिली. त्या पेटीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

शुक्रवार, ८ मार्च

सगळं फसलं.

दुपारी नियोजन विभागातून आदेश आला. क्रेन आणि आमची निम्मी तुकडी सोमवारी नव्या क्रीडांगणाचे दिव्यांचे खांब उभे करायला जाणार. तिथे मोठे पाहुणे येणार आहेत. चौकाचं काम गुरुवारी करा. बस्स, एवढंच.

धावत गेलो. नियोजनवाले गृहस्थ चांगले आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, तीन दिवसांनी काय बिघडतं? लोकांना फोनवर एक संदेश पाठवून द्या. मी म्हटलं, गुरुवारी बाजार चालू असतो, बर्फ तयार असतो, आजोबांचा पलंग सोमवारचा ठरलाय. ते म्हणाले, वीज आपली आहे हो, त्यांची नाही. साहेब दिवसभर बाहेर होते. फोन लागला नाही.

ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. खरं सांगायचं तर मनात आलं की संदेश पाठवून द्यावा आणि आजारी पडावं. आधी आपण कंट्रोल रूममध्ये काचेच्या आड सुखी होतो, कोणाचं तोंड बघावं लागत नव्हतं. पण ज्या क्षणी मला कळेल त्या क्षणी तुम्हाला, असं मीच म्हटलं होतं आणि ते फळ्यावर अजून तसंच आहे. कोणी पुसलेलं नाही.

नऊ मजले चढलो. मास्तरीणबाईंना आहे तसं सांगितलं. कंपनीची बाजू घेतली नाही आणि कंपनीला शिव्याही दिल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, मला माहीतच होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही संदेश न पाठवता आलात."

मग खिडकीशी गेल्या. तिथूनच म्हणाल्या, उद्या सकाळी लवकर या, मला तुमच्या ऑफिसात यायचं आहे. मी म्हटलं, बाई, गुडघे? नऊ मजले? त्या म्हणाल्या, "लिफ्ट आहे ना. तुम्ही बरोबर असाल. अडकलो तर पाढे तुम्ही म्हणा."

शनिवार, ९ मार्च

आज जे झालं ते या धंद्यात कोणी पाहिलं नसेल.

सकाळी त्यांना आणायला गेलो. इस्त्रीचे कपडे, हातात पर्स, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा त्यांचा पाय उचलेना. मी दार धरून उभा राहिलो. दार दोनदा माझ्या खांद्यावर आपटलं. मग त्या आत आल्या, माझी बाही घट्ट धरली आणि डोळे मिटले. "दोनाचा म्हणा," म्हणाल्या. दोनाचा, तिनाचा, चाराचा. चार सक्कं चोवीसला तळमजला आला.

बाहेर पडलो तर चौकात माणसंच माणसं. बर्फवाले टेम्पो घेऊन आलेले, डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटातच, माशांच्या टाकीवाल्या बाई, शाळेचा शिपाई, आणि नुसती बघायला आलेली पण नंतर सामील झालेली निम्मी वस्ती. मास्तरीणबाईंना खाली आलेलं पाहून पोराबाळांची मोठी माणसंही ओळीत उभी राहिली. त्यांच्यामागे ताई दिसली. तिला विचारलं तू इथे कशी, तर म्हणाली, चालायला आले होते.

तर आजवर आमच्या ऑफिसवर वीज द्या म्हणून अनेक मोर्चे आले. आमची वीज बंद करा म्हणून मोर्चा आला तो आज पहिल्यांदा. पहारेकऱ्याला आधी कळेचना. तो सारखा म्हणत होता, येईल हो, येईल वीज. बर्फवाले त्याला म्हणाले, अरे बाबा, येईल म्हणू नकोस, जाईल म्हण.

साहेब आज ऑफिसात होते. त्यांनी सगळ्यांना बसवलं. मी कोपऱ्यात, घामाघूम. माझी नोकरी गेली असं धरूनच चाललो होतो. मास्तरीणबाई उभ्या राहिल्या.

"आम्ही तक्रार घेऊन आलो नाही," त्या म्हणाल्या. "तक्रारी पुष्कळ केल्या, त्याने काही झालं नाही. या वेळी तुमच्या माणसाने आम्हाला विचारलं आणि आम्ही मिळून एक दिवस ठरवला. त्या दिवसावर आमचाही तुमच्याइतकाच हक्क आहे. तो दिवस आम्हाला द्या."

साहेबांचा चेहरा दगडासारखा. त्यांनी नियोजनवाल्यांना आत बोलावलं आणि मास्तरीणबाईंना म्हणाले, हे पुन्हा एकदा सांगाल का, यांच्यासमोर? बाईंनी शब्दन् शब्द पुन्हा सांगितला. मग डॉक्टरीणबाई बोलल्या, मग बर्फवाले. नियोजनवाल्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, खांब मंगळवारी उभे केले तरी चालतील, पाहुणे शनिवारी येणार आहेत. म्हणजे पहिल्यापासूनच चालण्यासारखं होतं.

सगळे गेल्यावर साहेबांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता. ते खिडकीतून खालचा घोळका बघत होते. म्हणाले, "त्या बैठकीत तू जे बोललास ना, ते मी वीस वर्षांत बोलू शकलो नाही." आणि सोमवारची तयारी कर म्हणून हाकलून दिलं. साहेब दमलेले दिसतात, निवृत्ती जवळ आली की माणूस हळवा होतो.

मंगळवार, १२ मार्च

काल लिहायला बसायचं त्राणच नव्हतं. आज सकाळी लिहितोय, पाय अजून दुखतायत.

सकाळी सात वाजता चौकात शाळेचा मोठा फळा आणून उभा केला होता. मास्तरीणबाईंची खुर्ची फळ्याशेजारी, पर्समध्ये खडू. त्यांचं म्हणणं, जे चाललंय ते इथे दिसलं पाहिजे. सातला मी हात वर केला, फोरमनने खटका ओढला आणि म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरची घरघर थांबली. ती घरघर वस्तीने जन्मापासून ऐकलेली. थांबली तेव्हा लोकांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. एवढी शांतता त्यांच्या ओळखीची नव्हती.

फळ्यावर पहिली ओळ: वीज बंद. काम सुरू.

बोल्ट गंजलेले निघाले, ते धरलेलंच होतं. कापले. क्रेन आली आणि अडकली नाही. जुना वर उचलला गेला तेव्हा एक म्हातारेबुवा टोपी काढून उभे राहिले. नवा खाली बसला तो पहिल्याच प्रयत्नात, बशीत कप बसावा तसा. प्रसूतिगृहाकडून तासातासाला निरोप येत होता: जनरेटर चालू, बाळं झोपलेली. बर्फवाल्यांनी आमच्या माणसांसाठी गार पाण्याची पिंपं ठेवली होती. मी म्हटलं आज तर कारखाना बंद, बर्फ कुठला? म्हणाले, कालचा राखून ठेवला होता, तुमच्यासाठी.

दुपारनंतर केबलची नाली उघडली. मुख्य केबलचा सांधा आतून ओला होता. त्यावर नवा ट्रान्सफॉर्मर जोडला असता तर रात्रीपर्यंत सगळंच जळालं असतं. फोरमनने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, आहे तसा जोडला तर सहाला देऊ शकतो, कोणाला कळणार नाही. सांधा नवा केला तर आठ.

पूर्वी मी काचेच्या आड असतो तर काय केलं असतं, माहीत नाही. काल विचार करायला वेळच लागला नाही. मास्तरीणबाईंकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी खडू माझ्याकडे दिला. म्हणाल्या, हे तुम्ही लिहा.

लिहिलं: सांधा ओला निघाला. नवा करतोय. सहा नाही, आठ.

अक्षर वाकडंतिकडं आलं. मागे गर्दी जमली. मी वळलो, आता काय येईल ते अंगावर घ्यायला. कोणीतरी म्हणालं, आठ काय? दुसऱ्याने सांगितलं, आठ वाजता, सांधा ओला आहे, वाच की. पहिला म्हणाला, बरं. आणि घरून सतरंजी आणायला गेला.

'बरं.' एवढंच. या एका शब्दासाठी कंपनीने किती वर्षं घालवली.

मग सगळा चौकच बाहेर येऊन बसला. खुर्च्या आल्या, सतरंज्या आल्या, एका घरून पावाच्या लाद्या आणि मोठं पातेलंभर सूप आलं. ताई पळी घेऊन वाढत होती आणि सगळे तिला नावानिशी ओळखत होते, तीही सगळ्यांना. मुलं फळ्यापाशी उभी राहून खाली नालीत बसलेल्या जोडाऱ्याचं काम बघत होती, आणि तोही, जो एरवी कोणाशी बोलत नाही, कोणती पट्टी कशावर गुंडाळायची ते त्यांना समजावून देत होता. ऊन उतरलं. मी पायरीवर बसलो होतो. बर्फवाले शेजारी येऊन बसले, पायरी हलली. म्हणाले, गेल्या वर्षी याच पायरीवर बसून मी तुमच्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. मी म्हटलं, आणि आज? म्हणाले, आज सूप बरं झालंय.

सांधा झाला. चाचणी पास झाली. पहिल्या फटक्यात. फोरमनने माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. खटका दाबला.

नव्या ट्रान्सफॉर्मरला घरघर नाही. त्यामुळे क्षणभर वाटलं, काहीच झालं नाही. मग रस्त्याच्या टोकाचा दिवा लागला, मग दुसरा, मग चौकापर्यंत एकामागोमाग एक, आणि वर खिडक्या उजळत गेल्या, पार नवव्या मजल्यापर्यंत. आठ वाजायला बराच अवकाश होता. आधी लोक नुसते वर बघत राहिले. मग कुठून तरी टाळी सुरू झाली आणि थांबेचना. फोरमन, जोडारी, क्रेनवाला, सगळी आमची माणसं मळक्या हातांनी उभी, कुठे बघावं हे कोणालाच कळेना. आमच्यासाठी कोणी टाळ्या वाजवायची ही पहिलीच वेळ. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती, नालीची.

मास्तरीणबाईंनी सगळा फळा पुसला आणि मधोमध मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला: आली.

मी त्यांना इमारतीपर्यंत सोडायला गेलो. लिफ्ट खाली उभी होती, दिवा लागलेला. मी सवयीने बाही पुढे केली. त्या आत गेल्या आणि मला दाराबाहेरच थांबवलं. "मी जाते," म्हणाल्या. "तुम्ही चढून चढून दमला असाल." दार मिटलं. मी आकडे बघत उभा राहिलो. चार, पाच, सहा, सात. कुठेही न थांबता नऊ.

शुक्रवार, १५ मार्च

साहेबांनी विचारलं, कंट्रोल रूममधली जागा रिकामी आहे, परत जायचंय का? इतके दिवस याच शब्दांची वाट बघत होतो. तोंड उघडलं आणि निघालं ते असं, की साहेब, उद्या शाळेत मुलांना ट्रान्सफॉर्मर दाखवायचं कबूल केलंय, परवा आजोबांच्या यंत्राला बॅटरी लावून द्यायची आहे, पुढच्या आठवड्यात बघू. ते म्हणाले, बघू. आणि फायलीत तोंड खुपसलं. फाईल उलटी धरलेली होती.

रविवार, २४ मार्च

आज सुट्टी. उशिरा उठलो. बाहेरच्या खोलीत येऊन बघतो तर ताईने घरातल्या सगळ्या खुर्च्या मांडल्या होत्या, शेजाऱ्यांकडच्या दोन आणल्या होत्या आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. विचारलं, कोण येणार आहे? म्हणाली, कोण येणार, सहज.

तेवढ्यात दार वाजलं. नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं होती. सातआठ जण. एक सुतार, एक गिरणीवाल्या बाई, बाकीचे मागे. या वस्तीने गेल्या वर्षी आमची गाडी दगड मारून परत पाठवली होती. सुताराने टोपी हातात धरून, जरा अवघडून सांगितलं की त्यांच्याकडच्या ट्रान्सफॉर्मरचंही तेल गळतं. वीज कधी बंद करणार ते विचारायला आलोय.

आत ताई कप मोजत होती. अगदी बरोबर तेवढेच. तिला कसं कळतं, देव जाणे.

मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "कधी ते नंतर ठरवू. आधी सांगा, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

गिरणीवाल्या बाईंनी पदराने हात पुसले आणि बोलायला सुरुवात केली. जेवायची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही.